तीन फेजचा स्रोत सिम्युलेशनमध्ये उभा करताना: बी फेज टेराव्होल्टमध्ये का गेली?

आरवायबी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी भोसरीतील एका लहान कारखान्यात मोटर-संरक्षणाची उपकरणे तयार करणाऱ्या विभागात काम करतो. सध्या सिंगल फेज प्रिव्हेंटरचे नवे सर्किट हाती आहे. एखादी फेज गेली किंवा फेजचा क्रम उलटला की मोटरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडायचा, एवढेच त्याचे काम. प्रत्यक्ष ४१५ व्होल्टवर चाचणी घेण्यापूर्वी ते एलटीस्पाइस या सर्किट-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून पाहावे असे ठरले. तिथे तीन फेजचा तयार स्रोत मिळाला नाही, म्हणून मी तीन सुटे स्रोत घेतले, त्यांची ऋण टोके एकत्र करून शून्य नोडला (सर्किटच्या संदर्भबिंदूला) जोडली आणि आर, वाय, बी या तीन फेजसाठी पुढील नोंदी केल्या. (ओळी वाचण्यासाठी देवनागरीत उतरवल्या आहेत, फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आहेत.)

आर: साइन(० २३० ५०)
वाय: साइन(० २३० ५० ० -१२०)
बी: साइन(० २३० ५० ० -२४०)

१०० मिलिसेकंदांचे ट्रान्झिएंट (वेळेनुसार होणारे बदल दाखवणारे) विश्लेषण चालवले, तर आलेखाच्या उभ्या अक्षावर टेराव्होल्ट हे एकक आले! आर आणि वाय या फेज शून्यावर सपाट पडलेल्या दिसतात आणि बी फेज शेवटच्या काही मिलिसेकंदांत उणे दोन टेराव्होल्टच्याही खाली बुडी मारते. फक्त पहिले २० मिलिसेकंद मोठे करून पाहिले, तर तिन्ही रेषा एकाच क्षणी शून्य ओलांडतात, म्हणजे १२० अंशांचे अंतर कुठेच नाही. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवून झाले आहे. चूक माझीच असणार, पण ती नेमकी कुठे आहे ते कळत नाही.

शून्यनोड | सोमवार, रात्री १०.२५

चूक एका खान्याची आहे. एलटीस्पाइसच्या साइन स्रोताला क्रमाने सात आकडे देता येतात: ऑफसेट, शिखरमूल्य, वारंवारता, विलंब, थीटा, फाय आणि आवर्तनांची संख्या. यांतील थीटा हा कोन नव्हे. नावामुळे तसे वाटते आणि म्हणूनच हा घोटाळा इतक्या जणांकडून होतो, पण थीटा म्हणजे क्षयाचा गुणांक आहे. लहर वेळेबरोबर किती वेगाने विरत जावी, हे तो ठरवतो. कोन त्याच्या पुढच्या, म्हणजे सहाव्या खान्यात लिहायचा आणि तो अंशांत लिहायचा.

आपण पाचव्या खान्यात उणे १२० लिहिले आहे. क्षयच उणे झाला म्हणजे ती वाढ झाली. वाय फेजचा विस्तार प्रत्येक २० मिलिसेकंदांना ई चा २.४ वा घात, म्हणजे सुमारे ११ पट होत गेला, आणि बी फेजचा ई चा ४.८ वा घात, म्हणजे जवळजवळ १२१ पट. अशी पाच आवर्तने झाल्यावर टेराव्होल्ट येणारच. फायच्या खान्यात काहीच नसल्यामुळे तिन्ही लहरींचा कोन शून्य राहिला, आणि म्हणूनच त्या एकत्र शून्य ओलांडतात. ही खूण आपण टिपली हे फार चांगले केलेत, कारण नुसत्या टेराव्होल्टवरून निदान करणे अवघड गेले असते.

दुसरी चूक लहान आहे, पण ती कोणतीही सूचना न देता तशीच राहून जाते. दुसऱ्या खान्यात आरएमएस (मीटर दाखवतो ते परिणामी मूल्य) नव्हे, तर शिखरमूल्य द्यायचे असते. लाइन व्होल्टेज ४१५ असेल तर फेजचे २३९.६ आणि त्याचे शिखर ३३८.८ व्होल्ट होते. नोंदी अशा कराव्यात:

आर: साइन(० ३३८.८ ५० ० ० ०)
वाय: साइन(० ३३८.८ ५० ० ० -१२०)
बी: साइन(० ३३८.८ ५० ० ० -२४०)

इथे सिम्युलिंक या दुसऱ्या सिम्युलेशन-साधनाकडून आलेल्या लोकांची हमखास गफलत होते. तिथल्या तीन फेजच्या स्रोताला लाइन-टू-लाइन आरएमएस मूल्य हवे असते, तर तिथल्याच साध्या एसी स्रोताला शिखरमूल्य हवे असते. पीसिममधील तीन फेजचा स्रोतही लाइन-टू-लाइन आरएमएसच मागतो. एकाच कार्यालयात दोन साधने वापरली जात असतील, तर कोणता आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे फाइलमध्येच टिपणीच्या रूपात लिहून ठेवावे.

कोथरूडकर_काका | मंगळवार, सकाळी ७.१०

शून्यनोड यांनी निदान बरोबर केले आहे, पण कोनाचा हा खाना मुळात नंतर आलेला आहे, हे सांगितले पाहिजे. स्पाइस हा प्रोग्रॅम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ साली मांडला. त्या घराण्यातील जुन्या आवृत्त्यांत साइन स्रोताला पाचच आकडे होते, थीटापर्यंत. कोन देण्याची सोयच नव्हती. म्हणून आमच्या पिढीने विलंब वापरला: वाय फेजला ६.६६७ मिलिसेकंद आणि बी फेजला १३.३३३ मिलिसेकंद. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, त्याचा तिसरा भाग म्हणजे १२० अंश. आजही एखादी फाइल एका साधनातून दुसऱ्या साधनात न्यायची असेल तर हीच पद्धत सर्वांत सुरक्षित आहे, कारण चौथा खाना सगळीकडे आहे. मी निवृत्त होईपर्यंत हेच केले आणि कधी अडले नाही.

शून्यनोड | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, स्थिर अवस्थेसाठी आपली पद्धत योग्यच आहे, पण या धाग्यातल्या कामासाठी ती धोक्याची ठरेल असे मला वाटते. विलंबाचा काळ संपेपर्यंत स्रोत आपल्या ऑफसेटवर, म्हणजे शून्यावर थांबून राहतो. त्यामुळे पहिले ६.६७ मिलिसेकंद वाय फेज नसते आणि पहिले १३.३३ मिलिसेकंद बी फेज नसते. ज्या उपकरणाचे कामच गेलेली फेज ओळखण्याचे आहे, त्याला आपण सुरुवातीलाच दोन फेज गेलेल्या दाखवल्या, तर ते ट्रिप होईल आणि आपण त्यात दोष शोधत बसू.

याहून छुपी अडचण वारंवारतेची आहे. विलंब मिलिसेकंदांत असतो, अंशांत नसतो. समजा, डिझेल जनरेटरवर भार पडून वारंवारता खाली आली तर काय होते हे पाहण्यासाठी कुणी ५० च्या जागी ४७ लिहिले आणि विलंब बदलायचा विसरला, तर वाय फेजचा कोन १२० ऐवजी ११२.८ अंश होतो आणि बी फेजचा २४० ऐवजी २२५.६. आलेख पाहताना डोळ्यांना काहीच खटकत नाही, पण स्रोत असमतोल झालेला असतो.

कोथरूडकर_काका | मंगळवार, सकाळी ९.५०

४७ हर्ट्झचा मुद्दा मान्य. विलंबाच्या खान्यात आकडा लिहिण्याऐवजी वारंवारतेवरून काढलेले सूत्र लिहिले की तो दोष जातो. पहिल्या आवर्तनाचा दोष मात्र जात नाही, हेही मान्य.

आरवायबी | मंगळवार, रात्री ८.३०

सर्वांचे मनापासून आभार. सहाव्या खान्यात कोन लिहिल्यावर तिन्ही लहरी पुस्तकातल्यासारख्या सुरेख आल्या. पण उत्साहाच्या भरात मोटरच्या जागी तात्पुरता भार म्हणून स्टारमध्ये (तिन्हींचे एकेक टोक एकत्र जोडून) प्रत्येक फेजला ०.५ ओहम आणि २० मिलिहेन्री जोडले, तर नवीनच प्रकार समोर आला. माझ्या गणिताने फेजचा इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) सुमारे ६.३ ओहम, म्हणजे करंटचे शिखर ५४ अँपिअरच्या आसपास यायला हवे. आर फेजचा करंट शून्यापासून सुरू होतो, मात्र वाय फेजचा सुरुवातीलाच उणे ५८७ अँपिअर आणि बी फेजचा अधिक ५८७ अँपिअर दिसतो. साधारण २०० मिलिसेकंदांनंतर सगळे ठिकाणावर येते. हा इनरश, म्हणजे स्विच लावतानाचा उसळता करंट समजायचा का?

चाकणची_प्रोबवाली | मंगळवार, रात्री १०.१५

नाही, हा इनरश नव्हे. प्रत्यक्षात कोणतीही मोटर स्विच लावण्यापूर्वीच ५८७ अँपिअर घेत नाही, आणि आपल्या आलेखात तो करंट शून्याव्या क्षणालाच आहे.

ट्रान्झिएंट सुरू करण्याआधी स्पाइस डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढते. त्या वेळी प्रत्येक स्रोताचे शून्याव्या क्षणाचे मूल्य जणू अनादी काळापासून स्थिर आहे असे ते गृहीत धरते, आणि स्थिर डीसीला इंडक्टर म्हणजे सरळ तार. वाय फेजचे त्या क्षणाचे मूल्य ३३८.८ गुणिले उणे १२० अंशांची साइन, म्हणजे उणे २९३.४ व्होल्ट. मार्गात अडवायला फक्त ०.५ ओहम आहे, म्हणून ५८७ अँपिअर. आर फेजचा कोन शून्य असल्यामुळे ती एकटीच या तावडीतून सुटली. पुढे हा खोटा करंट आपल्या भाराच्या कालस्थिरांकाने, म्हणजे २० मिलिहेन्री भागिले ०.५ ओहम बरोबर ४० मिलिसेकंदांनी विरत जातो. पाच कालस्थिरांक म्हणजे आपले २०० मिलिसेकंद. हिशेब तंतोतंत जुळतो.

उपाय आपल्याला काय पाहायचे आहे त्यावर ठरेल. स्विच लावल्यानंतरचा खरा इनरश पाहायचा असेल, तर ट्रान्झिएंटच्या आज्ञेत सुरुवातीच्या स्थिती वापरण्याचा यूआयसी हा पर्याय द्यावा, म्हणजे ऑपरेटिंग पॉइंट न काढता इंडक्टरचा करंट शून्यापासून सुरू होईल. स्टार्टअप हा पर्याय दिला, तर आधी सर्व स्वतंत्र स्रोत बंद धरून ऑपरेटिंग पॉइंट काढला जातो आणि मग पहिल्या २० मायक्रोसेकंदांत ते चालू होतात. दोन्हींत आर फेजच्या करंटचे पहिले शिखर ९५ अँपिअरच्या आसपास येईल, आणि हा डीसी ऑफसेट खरा आहे, कारण शून्य व्होल्टच्या क्षणी स्विच लावल्यास प्रत्यक्षातही तो येतो.

केवळ स्थिर अवस्था हवी असेल, तर मी साइन स्रोताऐवजी बी प्रकारचा, म्हणजे सूत्र लिहिता येणारा स्रोत घेते आणि साइनच्या सूत्राला पहिल्या १०० मिलिसेकंदांत शून्यापासून एकपर्यंत चढणाऱ्या रॅम्पने गुणते. शून्याव्या क्षणी सगळेच शून्य असल्यामुळे ऑपरेटिंग पॉइंटही शून्य येतो आणि ऑफसेट फारसा उरत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी: साइन स्रोताच्या खान्यात कोन अंशांत असतो, तर सूत्रातील साइनला तो रेडियनमध्ये द्यावा लागतो. तिथे १२० लिहिले, तर कोणतीही तक्रार न करता साधन भलतेच आवर्तन काढून देते. आणि आपल्या प्रिव्हेंटरसाठी रॅम्प वापरू नये, कारण त्याला तो कमी व्होल्टेजचा दोष वाटेल.

तिसरा_हार्मोनिक | बुधवार, दुपारी १.२०

एक प्रश्न. स्रोताच्या आत काहीच इम्पीडन्स नाही, हे चालते का? मी तीन फेजचा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे सर्किट) आणि पुढे कपॅसिटर जोडला, तेव्हा पहिला करंट काही हजार अँपिअर आला. आणि स्रोत डेल्टामध्ये जोडले, तर साधन चालायलाच तयार नाही. मॅट्रिक्स अतिनिश्चित आहे असा संदेश देते.

चाकणची_प्रोबवाली | बुधवार, रात्री ९.००

डेल्टाचे उत्तर सोपे आहे. तीन आदर्श स्रोत वर्तुळात जोडले की त्यांच्या व्होल्टेजची बेरीज शून्य आहे की नाही हे तिघे मिळून आधीच ठरवतात, आणि वर्तुळात फिरणारा करंट ठरवायला मात्र काहीच उरत नाही. प्रत्येकाला एक मिलिओहम जोडा, अडचण मिटते. पण आपल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची कमी दाबाची बाजू स्टारमध्ये असते आणि तिचा न्यूट्रल अर्थ केलेला असतो. तेव्हा कारखान्याचा पुरवठा दाखवायला डेल्टा स्रोताची गरजच सहसा पडत नाही.

इम्पीडन्सचा प्रश्न मोठा आहे. कारखान्याच्या दारात ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याच्या नेमप्लेटवर इम्पीडन्स ४.५ टक्के लिहिला आहे असे धरू. ४३३ चा वर्ग भागिले ५ लाख म्हणजे ०.३७५ ओहम हा पायाभूत इम्पीडन्स, त्याचे ४.५ टक्के म्हणजे सुमारे १७ मिलिओहम. त्यातील रोध ५ मिलिओहमच्या आसपास धरला, तर रिअॅक्टन्स १६ मिलिओहम उरतो आणि ५० हर्ट्झला तो जवळपास ५० मायक्रोहेन्री होतो. हे दोन घटक प्रत्येक फेजच्या स्रोतापुढे लावले की तुमचा रेक्टिफायर माणसात येईल. एका डायोडकडून दुसऱ्याकडे करंट जाताना जो ओव्हरलॅप प्रत्यक्ष दिसतो, तोही तेव्हाच दिसू लागेल. आदर्श स्रोतावर तो कधीच दिसणार नाही.

मात्र यंत्रापर्यंत जाणारी केबल विसरू नये. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम असतो. पन्नास मीटर केबल म्हणजे फेजमागे ०.२३ ओहम. ट्रान्सफॉर्मरच्या ५ मिलिओहमपुढे हा आकडा शेचाळीस पट आहे. साडेसात किलोवॉटच्या मोटरने सुरू होताना ९० अँपिअर घेतले, तर केबलच्या रोधावरच जवळपास २१ व्होल्ट पडतात. त्या वेळी पॉवर फॅक्टर कमी असतो, त्यामुळे मोटरच्या टर्मिनलवरील प्रत्यक्ष घट यापेक्षा कमी भरते, हे खरे; तरीही कागदावरचा ‘ताठ’ (भार पडला तरी व्होल्टेज न घटणारा) स्रोत आणि शेडच्या टोकाला असलेला पुरवठा यांत एवढे अंतर असते.

कोथरूडकर_काका | बुधवार, रात्री ९.४५

उत्तम विवेचन. आता मूळ कामाकडे यावे अशी विनंती आहे. आरवायबी, फेज गेल्याची चाचणी आपण सिम्युलेशनमध्ये कशी घेत आहात?

आरवायबी | बुधवार, रात्री १०.३०

काका, आर फेजच्या स्रोताचे शिखरमूल्य ३३८.८ ऐवजी शून्य केले. प्रिव्हेंटरने लगेच ओळखले आणि रिले सोडला. म्हणजे सर्किट योग्य चालते आहे असे समजलो.

कोथरूडकर_काका | गुरुवार, सकाळी ६.५५

हीच शंका होती. शून्य व्होल्टचा स्रोत म्हणजे गेलेली फेज नव्हे. तो न्यूट्रलला जोडलेला अखंड तांब्याचा तुकडा आहे. स्टारमध्ये, न्यूट्रल न जोडता, दहा दहा ओहमचे तीन रोध घ्या. आर स्रोत शून्य केला, तर भाराचा तारकाबिंदू (तिन्ही रोध जिथे मिळतात तो बिंदू) सुमारे ८० व्होल्टवर सरकतो आणि आर फेजमधून ८ अँपिअर वाहत राहतात. फ्यूज गेलेल्या तारेतून ८ अँपिअर कसे वाहतील? आता स्रोत तसाच ठेवून मध्ये स्विच उघडा. आर चा करंट शून्य होतो, उरलेले दोन रोध ४१५ व्होल्टवर एकापुढे एक येतात आणि त्यांतून २०.७५ अँपिअर जातात. आणि आर च्या उघड्या टर्मिनलवर किती व्होल्ट दिसतात? शून्य नव्हे, तर १२० व्होल्ट, कारण ते टर्मिनल तारकाबिंदूबरोबर फरफटत जाते. साध्या रोधाच्या भारावरही उघडी फेज मेलेली दिसत नाही.

चालत्या मोटरवर तर गोष्ट आणखी पुढे जाते. एक फेज गेली तरी हलक्या भारावरची इंडक्शन मोटर फिरतच राहते आणि तिचे फिरते चुंबकीय क्षेत्र उघड्या टर्मिनलवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तयार करते. आम्ही उमेदवारीच्या काळात एका पंपावर हे पाहिले होते: फ्यूज काढून हातात धरलेला आणि मोटरच्या पेटीत तिन्ही फेजवर दिवे लागलेले. दिव्यांची ती जोडणी करणाऱ्या वायरमनचा विश्वासच बसेना. त्या पंपाची वळणे पुढे महिनाभरात जळाली, ती याच कारणाने. केवळ व्होल्टेज मोजणारा प्रिव्हेंटर फ्यूजनंतर, मोटरच्या बाजूला जोडला, तर तो असाच फसतो.

तेव्हा सिम्युलेशनमध्ये मोटर म्हणजे नुसते रोध आणि इंडक्टर नकोत. प्रत्येक फेजमध्ये त्यांच्या मागे मोटरच्या बॅक ईएमएफचा (फिरताना ती स्वतः तयार करते त्या व्होल्टेजचा) एकेक साइन स्रोत लावा, पुरवठ्याहून थोडा लहान आणि काही अंश मागे.

शून्यनोड | गुरुवार, सकाळी ८.४०

काकांच्या मॉडेलला तीन तांत्रिक पुरवण्या.

मोटरचा तारकाबिंदू कुठेही अर्थ केलेला नसतो, पण स्पाइसमध्ये प्रत्येक नोडला शून्याकडे डीसी मार्ग लागतो. तिन्ही फेज उघडल्या की मोटरच्या बाजूच्या नोडसाठी तो मार्ग तुटतो. म्हणून तारकाबिंदू आणि शून्य यांच्यामध्ये एक मोठा रोध ठेवावा. तो लिहिताना १ एम असे लिहू नये! स्पाइस लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही. तिथे एम म्हणजे मिलि, आणि मेगासाठी मेग लिहावे लागते. १ एम लिहिले, तर ज्याला तरंगता ठेवायचा त्याच तारकाबिंदूला आपण एका मिलिओहमने अर्थ करून टाकतो आणि काकांचे सारे निष्कर्ष उलटतात. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेले आहेत.

करंट वाहत असताना स्विच एका क्षणात उघडला, तर इंडक्टरमधला करंट उघड्या स्विचच्या मेगओहममधून जायला पाहतो आणि लाखो व्होल्टचा काटा उभा राहतो. प्रत्यक्ष फ्यूजमध्ये करंट शून्यावर येईपर्यंत ठिणगी टिकते. म्हणून आर च्या करंटच्या शून्याचा क्षण आलेखावरून पाहून तिथेच स्विच उघडावा, किंवा स्विचला समांतर रोध-कपॅसिटर लावावा.

आणि कमाल टाइम स्टेप २० मायक्रोसेकंद ठेवावी. एका आवर्तनाला हजार बिंदू मिळतात. एफएफटी (लहरीतील वारंवारतांचे पृथक्करण) घ्यायची असेल, तर प्लॉटविनसाइझ हा पर्याय शून्य करून डेटाचे कॉम्प्रेशन बंद करावे आणि पूर्ण दहा आवर्तने, म्हणजे २०० मिलिसेकंद मोजावीत.

आरवायबी | शुक्रवार, रात्री ११.१०

आज जेवणाच्या सुट्टीत शेडमधील पॅनेलवर मोजमापे घेतली. फेज ते न्यूट्रल: आर २४१, वाय २४५, बी २४६. फेज ते फेज: आर-वाय ४२१, वाय-बी ४२८, बी-आर ४१८. हे खरे आकडे स्रोतात घालायचे आहेत. शिखरमूल्ये १.४१४ ने गुणून येतील, पण कोन मीटर देत नाही. ते १२०-१२०च ठेवावेत का?

चाकणची_प्रोबवाली | शनिवार, सकाळी १०.३०

कोन आपल्या आकड्यांतच दडलेले आहेत. आर, वाय आणि न्यूट्रल यांचा एक त्रिकोण होतो. त्याच्या तिन्ही बाजू, २४१, २४५ आणि ४२१, माहीत आहेत. कोसाइनच्या नियमाने न्यूट्रलपाशी असलेला कोन १२०.०५ अंश येतो. त्याच रीतीने वाय-बी चा १२१.३१ आणि बी-आर चा ११८.२५. बेरीज ३५९.६ अंश भरते; उरलेले ०.४ अंश मीटरच्या पूर्णांकांचे आणि मोजताना मधल्या काळात हललेल्या पुरवठ्याचे. ते तिघांत सारखे वाटून टाकले, तर वाय फेज उणे १२०.१८ आणि बी फेज उणे २४१.६२ अंशांवर ठेवावी. शिखरमूल्ये अनुक्रमे ३४०.८, ३४६.५ आणि ३४७.९.

केवळ फेज ते फेज आकडे घेतले असते, तर त्रिकोण मिळाला असता, पण न्यूट्रल त्याच्या आत कुठे आहे हे कळले नसते. आपण सहाही आकडे घेतलेत हे बरे केलेत.

चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली मांडलेल्या सममित घटकांच्या रीतीने पाहिले, तर आपल्या पुरवठ्यातील ऋण क्रमाचा (फेजचा क्रम उलटा असलेला) घटक धन क्रमाच्या (सरळ क्रमाच्या) घटकाच्या सुमारे १.४ टक्के आहे. प्रिव्हेंटरला ही मर्यादा ओळखूनच सेट करावे लागेल.

आरवायबी | रविवार, रात्री ९.२०

काकांचे मॉडेल पूर्ण केले. बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या ९२ टक्के आणि सहा अंश मागे धरला, तारकाबिंदूला १० मेग लावले (मेग, एम नव्हे), आणि आर च्या करंटच्या शून्यावर स्विच उघडला. समतोल ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आर च्या उघड्या टर्मिनलवर फेज गेल्यानंतरही २१२ व्होल्ट राहिले. आमच्या सर्किटची ट्रिप मर्यादा १८० व्होल्ट आहे. रिले हलला नाही.

याच अवस्थेत ऋण क्रमाचा घटक काढला, तर तो धन क्रमाच्या ६.७ टक्के आला. पॅनेलवरचा नेहमीचा असमतोल १.४ टक्के असल्यामुळे मध्ये पुरेशी जागा दिसते. त्यामुळे नव्या सर्किटमध्ये प्रत्येक फेजचे व्होल्टेज वेगळे तपासण्याऐवजी ऋण क्रमाचा फिल्टर घेण्याचे ठरवले असून, मर्यादा ४ टक्के आणि विलंब तीन सेकंद ठेवला आहे.

कोथरूडकर_काका | रविवार, रात्री ९.५५

४ टक्के योग्य वाटतात. पण हे ६.७ टक्के ईएमएफच्या एकाच गृहीतकावर उभे आहेत. मोटर पूर्ण रिकामी फिरत असेल, तर ईएमएफ पुरवठ्याच्या आणखी जवळ जाईल आणि हा आकडा खाली येईल. ९६ टक्के आणि तीन अंश धरून एकदा चालवून पाहा.

आरवायबी | रविवार, रात्री १०.४०

चालवले. ३.३ टक्के आले, म्हणजे ४ च्या मर्यादेत ते सुटते. मर्यादा खाली घेतली, तर पॅनेलचे १.४ टक्के जवळ येतात. रिकाम्या मोटरसाठी करंटही मोजावा लागेल असे दिसते. उद्या पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून तीन लहान सीटी (करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) आणतो आणि त्यांचे मॉडेल तयार झाले की याच धाग्यावर टाकतो.